पाचवी अट

आमच्या बालवर्गाच्या माहितीपत्रकावर प्रवेशाच्या पाच अटी छापलेल्या असत. जूनमध्ये मुलाचे वय तीन वर्षे पूर्ण असावे. लसी टोचल्याचा दाखला जोडावा. डबा घरचा असावा. ने-आण करण्याची जबाबदारी पालकांची राहील. आणि पाचवी, 'मुलास शी-शू सांगता आली पाहिजे.' पहिल्या चार अटी मी त्या बालवर्गाची प्रमुख होण्यापूर्वीच्या. पाचवी माझी. १९८१ सालच्या मे महिन्यात छापखान्याचा माणूस दारात उभा असताना मी ती शाईने खाली लिहून दिली. त्या वर्षी सतरंज्या फार खराब झाल्या होत्या, एवढेच कारण. पुढे मी निवृत्त झाले, पत्रकाचा कागद गुळगुळीत झाला, त्यावर रंगीत फुगे आले. अट मात्र तशीच राहिली. नुसती आमच्याकडेच नव्हे. पुण्यातल्या कितीतरी बालवर्गांच्या दारावर ती आज पहारेकऱ्यासारखी उभी आहे. हा लेख त्या अटीविरुद्ध आहे. म्हणजे अर्थात माझ्याविरुद्धही आहे.

दिवाळी अंकात, शेजारी चकलीची ताटली असताना, हा विषय वाचावा लागणार म्हणून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत. नरकचतुर्दशीला पहाटे उठून आपण मुलांच्या अंगाला तेल-उटणे चोळतो, त्यांना न्हाऊमाखू घालतो, आणि त्या अभ्यंगस्नानाचे गोडवे दरवर्षी याच पानांवर गातो. शरीर धुणे तेव्हा मंगल असते, कारण त्याला सुगंध असतो. त्याच शरीराच्या खालच्या अर्ध्या भागाची गोष्ट निघाली की आपण आवाज उतरवतो. या उतरवलेल्या आवाजामुळेच पाचवी अट इतकी वर्षे टिकली आहे.

मराठीत या कामाला आपण 'वळण लावणे' म्हणतो. हा शब्दच मुळी न्यायाधीशाचा आहे. अक्षराला वळण, बोलण्याला वळण, आणि शी-शूलाही वळण! मूल ओले राहिले की त्याला वळण नाही, आणि ते लावणारी कोण, तर आई. म्हणजे दोष कोणाचा हे शब्दाने आधीच ठरवून टाकले. माझ्या सासूबाई सांगत की त्यांची सगळी मुले सहा महिन्यांची असतानाच 'सांगत' होती. त्या खोटे बोलत नसत. बाई दोन्ही पाय पसरून बसायची, पावले जोडून त्यांचेच आसन करायची, बाळाला त्यावर टेकवायची आणि 'शू ऽऽ' म्हणायची. बाळाला व्हायचे. परंतु त्यात सांगत कोण होते? वेळ ओळखत होती ती बाई. दूध पाजल्यानंतर किती वेळाने बाळाला होते हे तिच्या अंगात मुरलेले असे. ते कसब मोठे खरे, पण त्याचे श्रेय बाळाच्या इच्छाशक्तीला देण्याचे कारण नाही. मुलाला स्वतःला भरल्याची जाणीव होणे, ती धरून ठेवता येणे आणि योग्य जागी सोडता येणे या गोष्टी मज्जातंतूंच्या वाढीबरोबर येतात, आणि प्रत्येक मुलात निरनिराळ्या वेळी. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ब्रॅझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदींवरून हेच मांडले, की तयारी मुलाची झाली पाहिजे, घाई मोठ्यांची असून उपयोग नाही. हे मी प्रशिक्षणवर्गात शिकवीत असे. शिकवीत असे आणि पत्रकावर पाचवी अट छापून घेत असे. माणसाच्या डोक्यात दोन कप्पे असतात ते असे.

हे झाले धडधाकट मुलांचे. आता माझ्या नातवाकडे येते.

तो जन्मला तेव्हा त्याच्या कमरेच्या खालच्या भागात, पाठीवर, लिंबाएवढा फुगा होता. मणक्याची हाडे मागच्या बाजूने जुळलीच नव्हती आणि आतले मज्जातंतू त्या फुगीत उतरले होते. याला स्पायना बिफिडा म्हणतात. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पुढे तो उशिरा का होईना, पायांना प्लास्टिकचे साचे बांधून चालू लागला, आणि बोलू तर इतका लागला की कान किटावेत. मुलगा-सून तेव्हा नागपूरला होती. नातू अडीच वर्षांचा असताना ती माझ्याकडे राहावयास आली. तेव्हा मी पाहिले की सून दिवसातून पाच वेळा त्याला आडवा करून एक बारीक नळी घालून त्याची लघवी काढते. माझा जीव कळवळला, आणि त्याहून अधिक माझा अहंकार चाळवला. एवढी वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळली आणि माझ्याच घरात मुलाला नळीची सवय लावून पांगळे करून ठेवले आहे! मी सुनेला म्हटले, "आठ दिवस ती नळी बाजूला ठेव. मी बघते."

ती म्हणाली, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टरांनी किती मुलं वाढवली आहेत?" मी म्हटले. हे माझे वाक्य मला आजही रात्री आठवते.

मी त्याला सासूबाईंसारखे पायांवर बसवले. मोरीचा नळ बारीक सोडून ठेवला. 'शू' म्हटले. थेंब थेंब आले आणि मी टाळ्या वाजवल्या. तोही हसला. दिवसभर थोडे थोडे येतच होते, चड्डी सतत ओली. मला वाटले, आता सुरुवात झाली, उरला तो आळस. मी त्याला आळशी म्हटले, अडीच वर्षांच्या मुलाला. चौथ्या दिवशी त्याला हुडहुडी भरून ताप आला. लघवीत जंतूंचा संसर्ग झाला होता. तीन रात्री रुग्णालयात गेल्या. सून मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून दाखवले. मूत्राशय भरला की कण्याच्या खालच्या टोकाच्या तंतूंमधून निरोप वर जातो आणि वरून हुकूम खाली येतो. या मुलाची तारच तिथे तुटलेली आहे. तुम्ही या टोकाला कितीही ओरडलात तरी तिकडे घंटा वाजणार नाही. मूत्राशय भरतो, गच्च होतो, आणि भरलेल्या रांजणातून सांडावे तसे वरचे थोडे गळते. तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या या गळतीला. खालचे तसेच साठून राहते, कुजते, दाब वाढला तर उलटे मूत्रपिंडांकडे चढते. अशी कितीतरी मुले पूर्वी पाठीच्या जखमेतून वाचून पुढे मूत्रपिंडांनी जात. १९७२ साली मिशिगन विद्यापीठातले डॉक्टर लॅपिडीस यांनी दाखवून दिले की दिवसातून ठराविक वेळी साध्या स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामा केला तर ही मुले वाचतात. 'स्वच्छ' हा शब्द महत्त्वाचा. शस्त्रक्रियागृहातली निर्जंतुकता लागत नाही, साबणाने नीट धुतलेले हात पुरतात. वेळ चुकता कामा नये. घरातल्या बाईने मोरीत बसून करावे असे हे काम आहे, आणि मूल सहा-सात वर्षांचे झाले की पुष्कळदा ते स्वतःच शिकते.

शीचेही तसेच. आतड्याच्या शेवटी भरल्याची जाणीव नाही, म्हणून मळ साठून खडा होतो, आणि त्या खड्याच्या कडेने पातळ झिरपते. आई समजते जुलाब झाले आणि औषध देते उलटे. खरा उपाय कंटाळवाणा आहे. रोज एकाच वेळी, जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी, कारण पोट भरले की आतडे आपोआप हलते, मुलाला खुर्चीसारख्या भांड्यावर बसवावयाचे. पायाखाली पाट द्यावयाचा, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत आणि जोर करता येतो. आणि साबणाचे बुडबुडे फुंकायला लावावयाचे, म्हणजे पोटावर दाब येतो. (रबरी फुगे मात्र देऊ नयेत. या मुलांना रबराच्या चिकाची ॲलर्जी फार लवकर जडते. वाढदिवसाला फुगे लावणाऱ्या शाळांनी एवढे तरी ऐकून ठेवावे.) मळ मऊ ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घ्यावे लागते, आणि काही मुलांना आतडे पाण्याने धुवावे लागते. आमच्या घरी हे जमायला सात महिने लागले. रोज दुपारी मी पाटासमोर मोड्यावर बसून त्याला गोष्टी सांगितल्या. माझ्या गोष्टी संपल्या, मग त्याने मला सांगितल्या.

आज तो साडेचार वर्षांचा आहे. नळी वेळेवर झाली तर तो सकाळभर कोरडा असतो, आणि हे तो घरी येणाऱ्या गॅसवाल्यापासून सर्वांना सांगतो. त्याला वळण लागले आहे की नाही? पाचव्या अटीच्या हिशेबाने नाही, कारण तो 'सांगत' नाही. त्याच्या शरीराला जे कळत नाही ते घड्याळाला कळते, इतकेच.

गेल्या वर्षी जूनपूर्वी त्याला घेऊन मी एका बालवर्गात गेले. तिथल्या प्रमुख बाई एके काळी माझ्या प्रशिक्षणवर्गात होत्या. त्यांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला, नातवाशी गोड बोलल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुम्हीच आम्हांला शिकवलंत ना, नियम सगळ्यांना सारखा?" मला उत्तर सुचले नाही. मग त्यांनी आवाज उतरवून खरे कारण सांगितले. "आमच्या मावशी हे करायला तयार होणार नाहीत."

या वाक्यापाशी मला थांबावयाचे आहे.

शाळेत दोन प्रकारच्या बायका असतात, बाई आणि मावशी. बाई गाणी शिकवतात, मावशी धुतात. बाईंनी धुवावे असे कोणी म्हणत नाही, आणि बाईंच्या मनातही ते येत नाही. तीन वर्षांच्या मुलाची शी ही शिक्षणात मोडत नाही, ती साफसफाईत मोडते, आणि साफसफाई कोणी करावयाची हे या देशात फार पूर्वी ठरलेले आहे. आपण त्याला जात म्हणत नाही. 'मावशी तयार होणार नाहीत' म्हणतो. गाडगेबाबांनी गावेच्या गावे झाडली आणि मग कीर्तनाला उभे राहिले. त्यांच्या फोटोला आपण हार घालतो. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. उच्च जातीचे म्हणून सरकारने ते नाकारले, तेव्हा त्यांनी उपोषण केले आणि त्यांच्यासाठी गांधीजीही उपाशी राहिले. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, वस्त्यांच्या अंगणात बालवाडी नेली, आणि मुलांना धुऊन-पुसून स्वच्छ करणे हा तिथे पहिला पाठ होता. त्या स्वतःला शिक्षिका म्हणवीत, आणि मुलाचे नाक पुसल्याने आपले शिक्षिकापण कमी होते असे त्यांना वाटले नाही. त्यांची नावे घेऊन आपण प्रशिक्षणवर्ग चालवले. मीही चालवले. आणि हात मात्र मावशींचे वापरले.

बाहेर पडताना त्या शाळेतल्या मावशी फाटकाशी भेटल्या. मी सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "दिवसाला पाच-सहा पोरांचं धुतेच की मी. अट कागदावर असती. पोरं काय कागद वाचत्यात? तुमच्या नातवाचं मला इचारलंय कोणी?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "हातमोजे द्या म्हणून दोन वर्सं सांगतीया. साबणबी घरचा आणते." ज्यांच्या नावाने मूल नाकारले त्यांना विचारलेसुद्धा नव्हते, आणि जे त्या मागत होत्या ते दिलेही नव्हते.

दुसऱ्या बाजूला काही म्हणणे नाही असे मी म्हणत नाही. एका बाईंच्या अंगावर तीस-चाळीस मुले असतील तर एका मुलासाठी वर्ग सोडून जाणे कठीण आहे. नळी घालण्याचे काम शिकल्याशिवाय कोणी करू नये. मावशींवर ते परस्पर ढकलणे हा त्यांच्यावर अन्याय आणि मुलाला धोका. 'काही झाले तर जबाबदारी कोणाची' हा प्रश्नही खरा आहे, आणि त्याचे उत्तर लेखी असले पाहिजे. परंतु या अडचणी सोडवावयाच्या असतात, दारावर टांगावयाच्या नसतात. तीन तासांच्या बालवर्गात आमच्या नातवाला नळी एकदाच लागते, दहा मिनिटे. त्या वेळी घरचे माणूस येऊ शकते. त्याला हवे ते असे: कडी लावता येईल अशी खोली, एक लांब बाक, चालता नळ, झाकणाची बादली. यातले कडी सोडून बाकी सर्व त्या शाळेत होते. इतर पालक काय म्हणतील, हाही एक आक्षेप मला ऐकवला गेला. इतर पालकांची मुलेही पहिल्या महिन्यात चड्ड्या ओल्या करतात, हे मी सव्वीस वर्षे पाहिले आहे.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे, आणि नेमका इथेच तोकडा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यावे आणि त्यांच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी असे तो म्हणतो. पण गल्लोगल्लीच्या बालवर्गांना मान्यता कोणाची असते? शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकारने व्यवस्था 'करावी' इतकीच इच्छा त्यात आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा पाया सांगितला, पण धोरण दाखवून कोणाला दार उघडायला लावता येत नाही. म्हणजे ज्या तीन वर्षांत मूल इतर मुलांत बसायला, भांडायला, खेळणे वाटून घ्यायला शिकते, त्याच तीन वर्षांत ते घरी आजीसमोर पाटावर बसलेले असते.

आणि आई? सुनेने नोकरी सोडली. प्रवेश न मिळालेल्या मुलाबरोबर घरात एक बाईही अडकते, याची नोंद कोणत्याही पत्रकात नाही. त्यावर नातेवाईक विचारतात, गरोदरपणी काय खाल्ले होतेस, ग्रहण पाळले होतेस का. मणक्याची ती नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते किंवा मिटत नाही. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. फोलिक आम्ल आधीपासून घेतले तर धोका बराच कमी होतो, हे १९९१ साली एका मोठ्या पाहणीत सिद्ध झाले. तेव्हा लग्न ठरलेल्या मुलीला पत्रिकेबरोबर त्या स्वस्त गोळीविषयी कोणी सांगावे. झालेल्या आईला ग्रहणाविषयी विचारू नये.

मला अधिक भीती वाटते ती शाळेत घेतल्या गेलेल्या मुलांची, जी अट लपवून आत येतात. ओले होऊ नये म्हणून ती पाणी पीत नाहीत. आया सांगतात, "सकाळपासून पाणी देतच नाही, बरं असतं." ज्या मूत्रपिंडांना भरपूर पाणी हवे त्यांना कोरडे ठेवून आपण सतरंजी कोरडी ठेवतो. धडधाकट मुलीसुद्धा शाळेचा संडास घाण म्हणून दिवसभर पाण्याला शिवत नाहीत, हे कोणत्या घरात माहीत नाही?

नातू सध्या दोन खोल्यांच्या एका बालवाडीत जातो. तिथल्या बाईंनी त्याच्या कागदांची पिशवी उघडलीही नाही. "किती वाजता?" एवढेच विचारले. साडेदहाला सून जाते. आठवड्यातून दोनदा मी जाते, कारण मीही ते काम शिकले आहे. डॉक्टरबाईंनी माझ्याकडून ते चार वेळा करवून घेतले आणि मगच मान हलवली. गेल्या महिन्यात बालवाडीतल्या एका मुलीने त्याला विचारले, "तू कुठं जातोस रे?" तो म्हणाला, "शूला. माझी नळीनं होते." ती म्हणाली, "माझी नुसतीच होते," आणि दोघे घसरगुंडीकडे गेली.

माझ्या जुन्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळाला मी ऑगस्टमध्ये पत्र लिहिले. पाचवी अट काढून टाकावी, तिच्या जागी 'मुलाच्या शी-शूच्या वेळा व गरजा प्रवेशाच्या वेळी सांगाव्यात' असे छापावे, आणि मावशींना साबण व रबराविना हातमोजे शाळेने पुरवावेत, अशा तीन मागण्या केल्या. ती अट मीच लिहिली होती हेही कळवले. उत्तर आले आहे. विषय मंडळाच्या दिवाळीनंतरच्या बैठकीपुढे ठेवण्यात येईल, असे त्यात म्हटले आहे. बैठकीला निवृत्त प्रमुखांना बोलावण्याची पद्धत नाही. मी जाणार आहे. नातवाला बरोबर नेईन, आणि बैठक लांबलीच तर साडेदहाला मला एक खोली लागेल, कडी असलेली.